आधी भवानी, मग भाषण

विद्यार्थी उद्योजकता मंडळं, कॅम्पसवरच्या बोलीत ई-सेल, यांच्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत. उत्तरं मंडळ चालवणाऱ्यांसाठी आहेत, पण गटात सामील झालेल्या विद्यार्थ्यालाही ती उपयोगी पडतील.

प्रश्न : आमच्या विद्यापीठातलं मंडळ तीन वर्षं जुनं आहे. दर महिन्याला एका यशस्वी उद्योजकाचं व्याख्यान ठेवतो, सभागृह भरतं, फोटो छान येतात. पण एवढ्या काळात एकाही विद्यार्थ्याने काही सुरू केलेलं नाही. चुकतंय कुठे?
— मंडळाची सचिव, वाणिज्य शाखा

व्याख्यान संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे विद्यार्थ्याला कळलेलं नसतं. घोडं तिथेच अडतं. वक्ता आपली गोष्ट पंधरा-वीस वर्षांनी मागे वळून सांगतो. त्यात पहिल्या तीन महिन्यांतल्या खटपटी गळून गेलेल्या असतात : माल कुठून आणला, पहिलं गिऱ्हाईक कसं गाठलं, अडकलेले पैसे कसे सोडवले. ऐकणाऱ्याला हवं असतं नेमकं तेवढंच.

सत्रात दोन व्याख्यानं पुरे. उरलेला वेळ सहा आठवड्यांच्या एका फेरीला द्या. तीस ते चाळीस विद्यार्थी घ्या आणि तिघातिघांचे गट करा. पाच जणांचा गट केला की दोघं बघे होतात, आणि दोघांच्या गटातला एक आजारी पडला की काम बसतं. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने एका कागदावर तीन ओळी लिहायच्या : कोणाची अडचण, कोणती अडचण, आणि ती माणसं सध्या ती कशी भागवतात. तिसरी ओळ कोरी राहिली तर बहुतेक वेळा अडचणच खरी नसते. दुसऱ्या आठवड्यात त्या माणसांपैकी दहा जणांशी प्रत्यक्ष बोलणं. तिसऱ्यात वस्तूचं किंवा सेवेचं सर्वांत लहान रूप सात दिवसांत तयार करायचं. त्यात अ‍ॅप नको, लोगो नको, छापील कार्ड तर नकोच. चौथ्या आठवड्यात भवानी, म्हणजे पहिली विक्री : किमान तीन अनोळखी माणसांकडून प्रत्यक्ष पैसे घेतलेले असले पाहिजेत. मित्र, नातेवाईक आणि खोलीवरचे सोबती मोजायचे नाहीत, कारण ते वस्तू हवी म्हणून घेत नाहीत, तुमच्या भिडेखातर घेतात. पाचव्या आठवड्यात हिशेब. सहाव्यात पाच मिनिटांचा अहवाल आणि एक निर्णय : पुढे चालवायचं की बंद करायचं. बंद करणाऱ्या गटालाही तितक्याच टाळ्या मिळतील असं बघा, नाहीतर पुढच्या फेरीत सगळेच खोटे आकडे आणतील.

तारखा परीक्षेपासून उलट मोजत ठरवा. सहावा आठवडा परीक्षेच्या आधी किमान तीन आठवडे संपला पाहिजे. हे न पाहिल्यामुळे चौथ्या आठवड्यात, म्हणजे ऐन विक्रीच्या वेळी, निम्मी मुलं अभ्यासाला पळतात.

भांडवल बक्षीस म्हणून देऊ नका. विक्रीतून परत करायची रक्कम म्हणून द्या, आणि तीही फक्त पहिल्या वीस नगांच्या कच्च्या मालापुरती, बिलं घेऊन. वीस नग खपले तरच दुसरा हप्ता. ज्या गटाचं नुकसान झालं पण हिशेब पूर्ण आहे, त्याचं नुकसान मंडळाने सोसायचं. ज्याने हिशेबच दिला नाही, त्याला पुढच्या फेरीत प्रवेश नाही. हा नियम पहिल्याच दिवशी लेखी द्या. नंतर सांगितला तर भांडणं होतात.

प्रश्न : पाचव्या आठवड्यासारखं हिशेबाचं सत्र आम्हीही घेतो. प्रत्येक गट नफा दाखवतो आणि तरी शेवटी हातात पैसे नसतात. असं का?
— विद्यार्थी समन्वयक

विक्रीतून कच्च्या मालाचा खर्च वजा केला की उरतो तो नफा, असं धरलं जातं म्हणून. एक गणित मांडून पाहा.

समजा नगाची किंमत १०० आहे. कच्चा माल ५५, वेष्टन ८, पोचवण्याचा खर्च १२, ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचं शुल्क २. बेरीज ७७, हातात उरले २३. आता दहा नगांमागे एक खराब निघतो असं धरा. त्या नगाचा माल आणि वेष्टन मिळून ६३ वाया गेले. ते उरलेल्या नऊ नगांवर वाटले की प्रत्येकी ७. म्हणजे खरी शिल्लक १६. प्रदर्शनातल्या टेबलाचं भाडं आणि फलक मिळून ८०० लागले असतील, तर ते भरून निघायला ५० नग विकावे लागतात. खराबी न धरता हाच आकडा ३५ येतो. गट चाळीस नग विकतो, टाळ्या घेतो आणि तोट्यात घरी जातो.

शिवाय यात तिघांच्या श्रमाची किंमत अजून धरलेलीच नाही. ती वेगळ्या रकान्यात, तासांमध्ये लिहायला लावा. पन्नास नगांसाठी नव्वद तास गेले हे कागदावर दिसलं की किंमत वाढवायची की पद्धत बदलायची, यावर खरी चर्चा सुरू होते. उधारीसाठीही वेगळा रकाना हवा. ‘विकले’ आणि ‘पैसे आले’ या दोन गोष्टी एका ओळीत लिहिणाऱ्या गटाचा हिशेब परत पाठवा.

प्रश्न : आमच्या गटाने दोनशे विद्यार्थ्यांचा ऑनलाइन सर्वे केला. जवळपास सगळ्यांनी ‘अशी सेवा आली तर नक्की वापरू’ असं लिहिलं. सेवा सुरू केली तर पाच जणही आले नाहीत. लोक खोटं का बोलतात?
— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी

लोक खोटं बोलले नाहीत. तुम्ही त्यांना भविष्य विचारलंत आणि त्यांनी सभ्यपणे सांगितलं. ‘वापराल का?’ या प्रश्नाला हो म्हणायला काहीच पडत नाही. घडून गेलेलं विचारायला हवं होतं.

समजा, वसतिगृहातल्या मुलांसाठी कपडे धुण्याची सेवा काढायची आहे. ‘आम्ही कपडे घेऊन जाऊ आणि धुऊन देऊ, आवडेल का?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेलं : ‘हो, मस्त आयडिया!’ इथे संवाद संपतो आणि गटाला वाटतं काम झालं. त्याऐवजी विचारा : ‘मागच्या वेळी कपडे कधी धुतले?’ ‘रविवारी.’ ‘कसे?’ ‘खाली मशीन आहे, पण रांग असते, मग हातानेच.’ ‘किती वेळ गेला?’ ‘दीड तास असेल.’ ‘त्याआधीच्या रविवारी?’ ‘तेव्हा धुतलेच नाहीत, घरी नेले.’ हे शेवटचं उत्तर सर्वेच्या दोनशे उत्तरांपेक्षा मोलाचं आहे. तुमचा स्पर्धक दुसरी कंपनी नसून दर पंधरा दिवसांनी घरी जाणारी बॅग आहे, हे त्यातून कळलं.

मुलाखतीला दोघांनी जावं. एक विचारेल, दुसरा समोरच्याचे शब्द जसेच्या तसे लिहील, सारांश काढणार नाही. पहिली वीस मिनिटं आपली कल्पना उघड करायची नाही. ती एकदा सांगितली की समोरचा माणूस तुमचं मन राखू लागतो. दहाही जण एकाच प्रकारचे असू द्या : वसतिगृहात राहणारे, पहिल्या वर्षाचे. पाच विद्यार्थी, तीन प्राध्यापक आणि दोन दुकानदार अशी भेळ केली तर काहीच सिद्ध होत नाही. शेवटी एकच मोजा : दहापैकी कितीजण ही अडचण सोडवण्यासाठी आत्ताच स्वतःचा वेळ किंवा पैसा घालवत आहेत? तिघांपेक्षा कमी निघाले तर गिऱ्हाईक बदला किंवा अडचण बदला.

त्यानंतर होकाराची प्रत तपासा. कौतुक ही सर्वांत हलकी प्रत. ‘गुरुवारी पाचला येतो, दाखव’ असं म्हणून आपला वेळ दिला तर ती मधली. आगाऊ रक्कम दिली तर खरी. सेवा तयार व्हायच्या आधीच आगाऊ रक्कम मागायला मुलं लाजतात, पण तारीख ठरवून आणि न जमल्यास पूर्ण परतावा कबूल करून मागितली तर त्यात गैर काही नाही.

दहा हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ साली सुरू केलेल्या आय-कॉर्प्स उपक्रमात संशोधकांच्या गटांकडून सात आठवड्यांत शंभर मुलाखतींची अपेक्षा ठेवतात. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं काम केलेल्यांनाही जे चुकत नाही, ते तुम्हाला कसं चुकेल?

प्रश्न : आम्ही व्यवसाय-आराखड्यांची स्पर्धा घेतो. गेल्या वर्षी दोन खोल्यांत दोन परीक्षक बसवले. एक कडक निघाला, त्याने चारपाचच्या वर गुण दिले नाहीत. दुसऱ्याने आठनऊ वाटले. अंतिम फेरीत सगळे दुसऱ्या खोलीतले आले आणि मोठा गोंधळ झाला. यंदा काय करावं?
— स्पर्धा प्रमुख

एका प्रवेशिकेला एकच परीक्षक, हीच मुळात चूक. प्राथमिक फेरी कागदावर घ्या आणि प्रत्येक प्रवेशिका तिघांकडून वाचून घ्या, तीही फिरवून, म्हणजे तेच तिघं नेहमी एकत्र येणार नाहीत. साठ प्रवेशिका आणि बारा परीक्षक असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा येतात. एका संध्याकाळी एवढं वाचून होतं.

मग कच्च्या गुणांची सरळ बेरीज करू नका. प्रत्येक परीक्षकाची स्वतःची सरासरी काढा आणि त्याने दिलेल्या गुणांतून ती वजा करा. कडक परीक्षकाची सरासरी ५ असेल आणि त्याने एखाद्या गटाला ७ दिले असतील, तर ते अधिक २. सढळ परीक्षकाची सरासरी साडेआठ असेल आणि त्याने ९ दिले असतील, तर ते फक्त अधिक अर्धा. तुमच्या गेल्या वर्षीच्या आकड्यांवर हे करून पाहा, अंतिम फेरीची यादी बदललेली दिसेल. ही रीत प्रत्येक परीक्षकाकडे निदान आठदहा प्रवेशिका असल्या तरच भरवशाची आहे. चारच असतील तर त्याच्याकडे चारही चांगल्या गेल्या असण्याची शक्यता राहते.

गुणपत्रिकेवर चारपेक्षा जास्त निकष नकोत. गिऱ्हाइकाबद्दलचा पुरावा ४०, हिशेब २०, गटाची कामं उरकण्याची ताकद २०, कल्पनेतलं वेगळेपण २०, अशी वाटणी सुचवतो. वेगळेपणाला जास्त वजन दिलं की पाण्यावर चालणाऱ्या सायकली जिंकतात. प्रत्येक निकषाखाली शून्य, मध्य आणि पूर्ण गुण कशाला, ते एका वाक्यात छापा. उदाहरणार्थ, पुराव्यासाठी : शून्य, कोणाशीही बोललेले नाहीत, वीस, दहा मुलाखतींच्या नोंदी आहेत, चाळीस, अनोळखी गिऱ्हाइकांनी पैसे दिले आहेत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळ्या परीक्षकांकडून गेल्या वर्षीची एक जुनी प्रवेशिका तपासून घ्या. वीस मिनिटं लागतात आणि कोण कसा गुण देतो ते उघड होतं.

अंतिम फेरीत पाच मिनिटं सादरीकरण, पाच मिनिटं प्रश्न, दोन मिनिटं गुण. कागदावर हे बारा होतात, वेळापत्रकात पंधरा धरा. दहा गटांना अडीच तास, त्याहून जास्त गट नकोत, कारण त्यानंतर परीक्षक ऐकत नाहीत, घड्याळ बघतात. सगळी सादरीकरणं आदल्या रात्री पीडीएफ स्वरूपात घेऊन एकाच लॅपटॉपवर ठेवा. मराठी फाँट न उमटणं, आत घातलेला व्हिडिओ न चालणं आणि केबलची पिन न जुळणं या तीन गोष्टींत जितका वेळ जातो तितका परीक्षकांच्या प्रश्नांतही जात नाही.

निकालाला मात्र फार मोठं करू नका. अमेरिकेतल्या एमआयटीची विद्यार्थ्यांनी चालवलेली स्पर्धा १९९० साली दहा हजार डॉलरच्या बक्षिसाने सुरू झाली, पुढे रक्कम वाढत एक लाखावर गेली. १९९८ च्या अंतिम फेरीत अकामाई हा गट होता. त्याला पहिलं बक्षीस मिळालं नाही. इंटरनेटवरची पानं जगभर वेगाने पोचवणारी मोठी कंपनी झाली ती हीच. म्हणून हरलेल्या प्रत्येक गटाला परीक्षकांच्या दोन ओळींचा लेखी अभिप्राय आठवड्याच्या आत पाठवा. तो न मिळाल्याचा राग मुलं बक्षीस न मिळाल्याच्या रागापेक्षा जास्त काळ धरून बसतात.

प्रश्न : आम्ही चार मित्रांनी मिळून काम सुरू केलं, चौघांचा वाटा पंचवीस-पंचवीस टक्के. एकाला नोकरी लागली, तो जातोय, पण वाटा सोडायला तयार नाही. आता?
— शेवटचं वर्ष, डिझाइन

नोंदणी झालेली असेल आणि वाटे कागदावर असतील तर त्या मित्राशी बोलून, वकिलाच्या मदतीने विकत घेण्याखेरीज मार्ग नाही. नोंदणी झालेली नसेल तर आजच चौघं बसा. दोस्ती शाबूत असताना जे अर्ध्या तासात ठरतं, ते नंतर सहा महिन्यांत ठरत नाही.

जगभरच्या स्टार्टअपमध्ये रुळलेली रीत अशी : वाटा पहिल्या दिवशी पूर्ण मिळत नाही, चार वर्षांत महिन्यामहिन्याने कमावला जातो, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी जो सोडतो त्याला काहीच मिळत नाही. पंचवीस टक्केवाला अठरा महिन्यांनी गेला तर अठ्ठेचाळीसपैकी अठरा महिने भरले, म्हणजे त्याचे सुमारे ९.४ टक्के. दहाव्या महिन्यात गेला तर शून्य. यात कोणावर अविश्वास दाखवण्याचा प्रश्न येत नाही; राहणाऱ्या तिघांनाही हाच नियम लागू असतो.

मंडळाने करायचं ते एवढंच : चौथ्या आठवड्यात विक्री झालेल्या प्रत्येक गटाकडून एक पानी करार लिहून घ्यायचा. आठवड्याला कोण किती तास देणार, कोणी किती पैसे घातले, मतभेद झाले तर अखेरचा शब्द कोणाचा, सोडून जाणाऱ्याचं काय, आणि नाव, कोड, चित्रं, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, समाजमाध्यमांवरची खाती कोणाच्या मालकीची. शेवटचा मुद्दा सगळे विसरतात. डोमेन एकाच्या वैयक्तिक खात्यातून घेतलेलं असतं, इन्स्टाग्रामचं खातं दुसऱ्याच्या फोन नंबरवर उघडलेलं असतं, आणि नेमका तोच सोडून जातो.

मंडळाने स्वतः मात्र कोणत्याही गटात वाटा घेऊ नये. दर वर्षी बदलणारी कार्यकारिणी भागधारक झाली की सही कोणाची घ्यायची, हाच गुंता होऊन बसतो.

प्रश्न : माझ्या प्रकल्पातला सेन्सर स्पर्धेत मांडायचा आहे. कोणी कल्पना चोरली तर? परीक्षकांकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्यावी का?
— पदव्युत्तर विद्यार्थिनी, इलेक्ट्रॉनिक्स

परीक्षक अशा करारावर सहसा सही करत नाहीत. ते वर्षाला अशा कितीतरी कल्पना ऐकतात आणि प्रत्येकीची जबाबदारी अंगावर घेणं त्यांना परवडत नाही. तुमची चिंता खरी आहे, फक्त रोख चुकीच्या दिशेला आहे. चोरीपेक्षा मोठा धोका तुमच्या स्वतःच्या तोंडून आहे. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि अर्ज करण्याआधी तो खुल्या मंचावर सांगितला तर त्याचं नवेपण तुम्हीच घालवलेलं असतं. अमेरिकेत शोधकाने स्वतः जाहीर केल्यानंतर अर्जासाठी बारा महिन्यांची मुभा आहे. युरोपीय पेटंटला तशी सर्वसाधारण मुभा नाही. पोस्टर, यूट्यूबवर चढवलेलं सादरीकरण, ग्रंथालयात ठेवलेला प्रबंध, हे सगळं जाहीर करण्यातच मोडतं.

उपाय दोन. जिथे तात्पुरत्या अर्जाची सोय आहे तिथे तो आधी भरा. पूर्ण अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात. किंवा मंचावर सेन्सर काय करतो आणि कोणाच्या कामाचा आहे तेवढंच सांगा, आतली रचना सांगू नका. परीक्षकांना आतली रचना फारशी नकोच असते.

त्याआधी विद्यापीठाचा बौद्धिक संपदेचा नियम वाचा. पाहायच्या गोष्टी : तुम्हाला शिष्यवृत्ती किंवा मानधन मिळतं का, प्रयोगशाळेची उपकरणं वापरली का, प्रकल्पाला बाहेरचा निधी आहे का, मार्गदर्शकाचा शोधात हिस्सा आहे का. एकाचं जरी उत्तर हो असलं तरी विद्यापीठाचा हक्क निघू शकतो. तो निघाला म्हणून सगळं बुडालं असं नाही. गुगलच्या शोधपद्धतीचं मूळ पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावे होतं. ते वापरू देण्याच्या बदल्यात विद्यापीठाने शेअर घेतले आणि ते विकून सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळवले. कंपनीचंही काही अडलं नाही.

प्रश्न : प्रायोजकाने तोंडी कबूल केलेली रक्कम कार्यक्रमाच्या चार दिवस आधी नाकारली. मंडप, छपाई सगळं ठरलेलं होतं. पुढच्या वेळी कसं सावरावं?
— खजिनदार

बँकेत न आलेला पैसा खर्चात धरायचा नाही. अंदाजपत्रक तीन पायऱ्यांचं करा : हातातल्या पैशांत होणारा कार्यक्रम, एक प्रायोजक आला तर होणारा, आणि दोन आले तर होणारा. छपाईची ऑर्डर पहिल्या पायरीचीच द्या. प्रायोजकाकडून निम्मी रक्कम तीस दिवस आधी घ्या आणि बदल्यात काय मिळेल ते पत्रात मोजमापासह लिहा : फलकाचा आकार, मंचावरून किती मिनिटं, टेबल किती. ‘प्रसिद्धी देऊ’ असं मोघम लिहिलं की वाद ठरलेलाच. प्रायोजक विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागतात. ते देऊ नका. ज्याला हवं तो त्यांच्या टेबलावर जाऊन स्वतः नोंद करील.

पैसे विद्यापीठाच्या खात्यातून, दोन सह्यांनी. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर एकदाही रक्कम घेऊ नका, अगदी ‘दोन दिवसांपुरती’ सुद्धा.

प्रश्न : आमच्याकडे सीईओ, सीटीओ, सीएफओ, सीएमओ आणि प्रत्येकाला दोन सहायक अशी कार्यकारिणी आहे. तरी काम तिघंच करतात.

मग कार्यकारिणी तिघांचीच करा, आणखी चारजण फार तर. पदं फुकट वाटता येतात म्हणून वाटली जातात. नावापुढे पदाऐवजी काम आणि तारीख लिहा : ‘मुलाखत सत्र, दुसऱ्या आठवड्याचा शुक्रवार.’

प्रश्न : मी भाषा विषयाची विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे कुठलीच कल्पना नाही. मंडळात माझं काय काम?

कल्पना नसलेल्यांसाठी सेवा हा चांगला रस्ता आहे. त्याला साठा लागत नाही आणि भांडवलही जवळपास लागत नाही. भाषांतर, मुद्रितशोधन, मुलाखती कागदावर उतरवणं, छोट्या दुकानांच्या वेबसाइटचा मजकूर लिहिणं, यांतलं एक निवडा. दर शब्दांवर किंवा ऑडिओच्या मिनिटांवर ठरवा, ‘कामावर’ ठरवू नका. दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते आधीच सांगा, दोनदा पुरे. ऑडिओचा एक तास कागदावर उतरवायला नवशिक्याला चार ते सहा तास लागतात. हे न धरल्यामुळे पहिलं काम जवळजवळ फुकटात जातं.

तुमच्यासारख्यांना एकत्र करून मंडळ एखादं छोटं सेवाकेंद्रही चालवू शकतं. फ्रान्समधल्या एसेक या व्यवस्थापन संस्थेत १९६७ साली विद्यार्थ्यांनी असंच केलं : कंपन्यांची खरी, पैसे देणारी कामं विद्यार्थ्यांनी घ्यायची आणि संस्थाही विद्यार्थ्यांनीच चालवायची. ज्युनिअर एंटरप्राइज नावाने ती पद्धत पुढे अनेक देशांत गेली.

प्रश्न : दर वर्षी जुनी मंडळी पदवी घेऊन जातात आणि नव्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागते. वक्त्यांचे नंबरसुद्धा सापडत नाहीत.
— नवनिर्वाचित अध्यक्ष

निवड वर्षाच्या अखेरीला होते, हे तुमच्या दुखण्याचं मूळ आहे. ती परीक्षेच्या दहा आठवडे आधी घ्या. पहिले चार आठवडे नव्यांनी जुन्यांच्या शेजारी बसून बघायचं. पुढे एक पूर्ण कार्यक्रम नव्यांनी करायचा आणि जुन्यांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला अध्यक्ष न करता सल्लागार करा. अध्यक्ष त्याच्या आधीच्या वर्षातला असला तर तो पुढचं वर्षभर कॅम्पसवर सापडतो.

ईमेल माणसाच्या नावाचा नको, पदाच्या नावाचा हवा, आणि सगळी खाती त्यावर उघडलेली असावीत. हस्तांतरणाच्या फाइलमध्ये या गोष्टी हव्यात : खात्यांची यादी आणि ती कोणाच्या फोनला जोडली आहेत, बँकेच्या सह्या बदलण्याचे अर्ज, दोन वर्षांचे हिशेब, वक्ते व परीक्षकांची यादी आणि प्रत्येकापुढे एक ओळ, म्हणजे वेळेवर आले का, पुन्हा बोलवावं का. शिवाय प्रत्येक कार्यक्रमामागे अर्धं पान : किती नोंदणी, किती हजर, किती खर्च, काय फसलं. हे अर्धं पान कार्यक्रमानंतर दोन दिवसांत लिहिलं नाही तर कधीच लिहिलं जात नाही. नंबर यादीत घालण्याआधी त्या व्यक्तीला विचारा. बहुतेकजण हो म्हणतात, आणि नाही म्हणणाऱ्याला पुढच्या अध्यक्षाचा फोन आलेला आवडणारही नाही.

प्रश्न : आमची सत्रं मोफत असतात. शंभर नावं येतात, तीस माणसं. शुल्क ठेवावं का?

शुल्क नको, परत मिळणारी अनामत ठेवा. रक्कम इतकी असावी की बुडाली तर चुटपुट लागेल, पण नसल्यामुळे कोणी बाहेर राहणार नाही. ज्याला तेवढीही जमत नाही त्याला समन्वयक प्राध्यापकांच्या सहीने सूट द्या, कारण विचारू नका आणि यादी लावू नका. नावं आली की दुसऱ्या दिवशी जागेची खात्री करणारा निरोप पाठवा आणि अनामत भरायला दोन दिवसांची मुदत द्या. न भरणाऱ्याची जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. सहा आठवड्यांच्या फेरीत निम्मी अनामत तिसऱ्या आठवड्यात, मुलाखतींच्या नोंदी दिल्यावर परत करा आणि उरलेली हिशेब दिल्यावर. परत करताना तारखेसह सही घ्या, नाहीतर ऑगस्टमध्ये दिलेली रक्कम जानेवारीत पुन्हा मागायला कोणीतरी येतंच.